चकचकीत बाजू

मेणाच्या कापाला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक मंद. काप असतो एका मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाइतका पातळ. कोमट पाण्यावर सोडला की तो पसरतो, सुरकुत्या टाकतो आणि जवळजवळ दिसेनासा होतो. ब्लेडला लागून सुटलेली खालची बाजू चकचकीत असते. ती पाण्याकडे हवी. वरची मंद असते, दुधावर नुकती साय धरू लागावी तशी. ती छताकडे हवी. काचपट्टी पाण्यात तिरकी बुडवून काप तिच्यावर उचलून घ्यायच्या आधी एकदा मान कलती करून, दिव्याचा उजेड कापावरून घसरतो की तिथेच थबकतो, एवढंच पाहायचं असतं.

पातळबाई हे गेली एकतीस वर्षं पाहत आल्या होत्या.

पातळबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. त्यांच्या इतके पातळ काप कुणाला जमत नाहीत म्हणून प्रयोगशाळेने ठेवलेलं ते नाव होतं, आणि बाई स्वतः अंगाने चांगल्या भरलेल्या असल्यामुळे ते जास्तच चिकटलं. नवीन माणसाला "जा, पातळबाईंना विचार" म्हणून पाठवायचं आणि तो कॉरिडॉरमध्ये कुणा सडपातळ बाईला शोधत फिरतो ते बघायचं, हा तिथला जुना खेळ होता. बाईंनाही तो आवडायचा.

दोन वर्षांपूर्वी एका नव्या औषधाची चाचणी सुरू झाली. शरीराच्या संरक्षक पेशींना कॅन्सरच्या गाठीवर सोडणारं ते औषध होतं. पूर्वी गाठीचा तुकडा दळून त्यात अशा पेशी किती आहेत ते मोजायचे. आता किती यापेक्षा कुठे याला महत्त्व आलं होतं. पेशी गाठीच्या आत शिरून कॅन्सरच्या पेशींना भिडल्यात, की दाराशी आलेल्या पाहुण्यांसारख्या बाहेरच ताटकळल्यात? एकाच कापावर चाळीस निरनिराळ्या खुणा लावून प्रत्येक पेशीचा पत्ता काढायचा आणि नकाशा बनवायचा. ज्या रुग्णांच्या गाठीत आत शिरल्या असतील त्यांचं औषध चालू ठेवायचं. बाहेर असतील त्यांचं थांबवून दुसरं, जास्त कडक औषध द्यायचं. कडक म्हणजे शंभरातल्या दहा-बारा जणांच्या यकृताला सोसत नाही असं.

रुग्ण त्रेसष्ट होते. प्रत्येकाच्या गाठीतून पोकळ सुईने तांदळाएवढा तुकडा काढून बाईंनी एकाच मेणाच्या ठोकळ्यात रोवला, आठ आडव्या ओळी आणि आठ उभ्या. पहिल्या ओळीतली पहिली जागा यकृताच्या एका निरोगी तुकड्याला दिली. ती खूण. काप काचेवर कसाही बसला तरी यकृत वरच्या डाव्या कोपऱ्यात आणायचं, की बाकी सगळे आपापल्या जागी येतात.

त्या वेळी दुसरी बाई म्हणाली होती, "बाई, पहिल्या ओळीच्या टोकालाही एक खूण ठेवूया का? यकृताऐवजी मूत्रपिंडाची. दोन कोपरे असले म्हणजे शंका नको."

दुसरी बाई म्हणजे बाईंच्या हाताखाली सात वर्षं काढलेली, दोन मुलांची आई. तिला अजून सगळे 'दुसरी' म्हणत, कारण पहिली जागची हलत नव्हती.

"दुसरी खूण म्हणजे एक पेशंट कमी," पातळबाई म्हणाल्या होत्या. "आणि खूण हवीच कशाला? मी आहे ना."

पुढे ते प्रयोगशाळेत म्हणण्यासारखं झालं. फ्रीजचं दार नीट लागत नसलं तरी कुणीतरी म्हणायचं, "राहू दे, बाई आहेत ना."

त्याच सुमाराला डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाईंना मोतीबिंदू सांगितला. डावा बराच, उजवा थोडा. घरी त्यावरून रोज एक फेरी व्हायची.

"आई, तारीख घेऊ का?"

"बघू."

"काय बघणार आहेस? तेच तर होत नाहीये."

"पिकू दे अजून."

"ते फळ आहे का, आई? पाडाला लागलं की उतरवायचं?"

लेक एकदा रागाने, एकदा हसून आणि एकदा रडून बोलून झाली. नवऱ्याने मीठ पडलेला चहा दोनदा मुकाट्याने प्यायला आणि तिसऱ्यांदा, "आज समुद्राकाठी आल्यासारखं वाटतंय," एवढंच म्हणाला. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. बघू. एक डोळा केला की महिना रजा, दुसऱ्याला आणखी महिना. दोन महिने ब्लेड दुसरीच्या हाती. आणि एकदा दिलं की परत मागायला तोंड कुठून आणायचं? शिवाय काम चाललंच होतं. हाताला सवय असते. डोळा नुसता सोबतीला असतो, असं बाई स्वतःला समजावत.

त्या दिवशी तीन वाजता बैठक होती. नकाशे चाचणीच्या डॉक्टरांच्या हवाली करायचे आणि उद्यापासून कुणाचं औषध थांबवायचं त्याची यादी कायम करायची. अकराच्या सुमाराला नकाशेवाल्याने बाईंना त्याच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर पेशींचे नकाशे बनवणारा हा चाळिशीचा गृहस्थ स्वभावाने बडबड्या होता.

"या, बाई. तुमचा काप. नटूनथटून बसलाय. चाळीस रंग लावलेत, नवरीलासुद्धा इतके लावत नाहीत."

अंधारलेल्या खोलीत भिंतीएवढ्या पडद्यावर चौसष्ट गोल उजळले होते. बाईंनी खुर्ची इतकी पुढे ओढली की नाक पडद्याला लागायला आलं.

"हिरव्या त्या संरक्षक पेशी," तो म्हणाला. "हा बघा, सगळ्या काठाला. आत एक नाही. आणि हा बघा, आत घुसून कशी झुंबड केलीय. याचं औषध लागू पडतंय, डोळे मिटून सांगतो."

बाई एकेक गोल पाहत खाली सरकल्या. सातव्या ओळीतल्या तिसऱ्या गोलापाशी थांबल्या. हिरव्या झुंबडीच्या शेजारी काही पेशी मुळीच उजळल्या नव्हत्या. कोळशाची पूड सांडावी तसे काळे कण त्यांच्या पोटात होते.

"हे काय आहे?"

"ते होय? मलाही कळेना. कसला तरी कचरा असेल. कुठल्याच रंगात उजळत नाही."

"कचरा नाही. शाई आहे."

ती शाई बाईंनी ओळखली. दंडावर गोंदलेल्या चित्रातली शाई हळूहळू बगलेतल्या गाठीत उतरते आणि तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी ती गिळून वर्षानुवर्षं धरून बसतात. ठोकळा बनवताना, कॅन्सर पसरलेल्या अशाच बगलेतल्या गाठीच्या एका तुकड्यात ते काळे कण त्यांना भिंगाखाली दिसले होते. कागदावर फक्त नंबर होता आणि 'स्त्री' असं लिहिलेलं. बाईंनी मनातल्या मनात तिचं नाव शाईवाली ठेवलं आणि तुकडा रोवला. कुठे रोवला तेही त्यांना पक्कं आठवत होतं, कारण ती त्यांच्या लेकीच्या जन्माची तारीख होती. तीन, सात. तिसऱ्या ओळीत सातवी.

पडद्यावर शाई सातव्या ओळीत तिसरी होती.

"यकृत कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"वर डावीकडे. जिथे असायला हवं तिथेच."

"मग हे असं कसं?"

"कसं?"

टेबलावर भिंगं पुसायचा झिरझिरीत कागद पडला होता. बाईंनी एक चौकोनी तुकडा घेतला, पेनाने त्यावर तीन ओळींत एक ते नऊ आकडे लिहिले आणि एकच्या कोपऱ्यावर टिंब दिलं. मग कागद उलटा केला. टिंब दुसऱ्या कोपऱ्यात गेलं. त्यांनी कागद तसाच उलटा ठेवून टेबलावर पाव फेरा फिरवला. टिंब परत वरच्या डाव्या कोपऱ्यात आलं, जिथल्या तिथे. कागदातून पलीकडचे आकडे दिसत होते. पहिल्या ओळीत एक, चार, सात. दुसरीत दोन, पाच, आठ.

नकाशेवाला वाकून पाहत होता.

"ओळींचे रकाने झाले," तो शेवटी म्हणाला.

"काप उलटा पडला होता. तू यकृत कोपऱ्यात आणायला फिरवलास, आणि ते आलंही."

"पण मी तपासलं होतं, बाई. चौथ्या ओळीत चौथा तपासला, सहावीत सहावा, आठवीत आठवा. मोजायला सोपे म्हणून तेच घेतले. तिन्ही जुळले."

बाईंनी कागदावर एक, पाच आणि नऊ या आकड्यांवरून तिरकी रेघ ओढली. त्या रेघेवरचे आकडे हलले नव्हते. तेवढेच हलले नव्हते.

"यकृत सोडून तिरक्या रेघेवर सात जण," त्या म्हणाल्या. "ते आपल्या जागी आहेत. बाकीचे छप्पन्न..."

छप्पन्न माणसं, अठ्ठावीस जोड्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या गाठीत काय चाललंय ते दुसऱ्याच्या नावावर लिहिलेलं. पेशी कुठे आहे एवढ्याच एका प्रश्नासाठी उभारलेल्या या सगळ्या कारभारात त्यांनी माणसंच भलतीकडे नेऊन ठेवली होती. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून काप फाटले होते, हरवले होते, एकदा शिंकेसरशी उडून प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या बाहीवर बसला होता. उलटा कधी पडला नव्हता. म्हणजे पडलेला कधी कळला नव्हता.

त्यांनी खुर्ची पडद्यापासून मागे ओढली.

"शाईवालीच्या नावावर काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

नकाशेवाल्याने यादी काढली. तिसरी ओळ, सातवी जागा. "पेशी बाहेर. औषध थांबवायचं."

आणि पडद्यावर शाईच्या शेजारी हिरव्या पेशींची झुंबड होती.

तो उठून दार लोटून आला. "बाई, ऐका. यात एवढं काही नाही. नकाशा खरा आहे, फक्त पत्ते उलटलेत. मी ओळींचे रकाने एका मिनिटात परत फिरवतो. तीन वाजता बरोबर यादी जाईल. कुणाचं काही बिघडलं नाही, कुणाला काही कळायचं कारण नाही. मीही तिरकस रेघेवर तपासत बसलो, माझीही शोभाच आहे."

तो चांगल्या मनाने बोलत होता. बाईंना क्षणभर इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले. एका मिनिटाचं तर काम.

"थांब," त्या म्हणाल्या. "यादीला हात लावू नकोस. आलेच."

कापांच्या खोलीत दुसरी बाई काचपट्ट्यांवर नंबर घालत होती.

"अगं, एक काम कर. कोऱ्या मेणाचे दहा काप घे. काही सुलटे सोड, काही उलटे. मला सांगू नकोस. कागदावर लिहून ठेव."

दुसरीने वर पाहिलं. कशाला, असं विचारलं नाही. हात धुतले, ब्लेड बसवलं आणि एकेक काप ब्रशने उचलून पाण्यावर सोडत गेली. पातळबाई पाण्यावर वाकल्या. मान कलती केली. एकतीस वर्षं केली होती तशीच. पाण्यावर दिव्याचा उजेड होता, सगळीकडे सारखा पसरलेला, काचेवर वाफ धरावी तसा. कापही त्यातच होता.

"सुलटा," त्या म्हणाल्या. "सुलटा. उलटा. सुलटा..."

दहा झाले. दुसरी कागद पुढे करेना.

"वाच."

"पाच बरोबर, बाई."

"पाच."

"हो."

बाई स्टुलावर बसल्या. नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते. त्यांना वाटलं होतं सात येतील, फार तर सहा. पाच म्हणजे त्या पाहतच नव्हत्या. दोन वर्षं रोज मान कलती करत होत्या, दिव्याकडे पाहत होत्या आणि पुढे हात जे करेल त्याला पाहणं म्हणत होत्या.

"तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

दुसरी ब्रश पुसत राहिली. "काप पाण्यावर असला की हल्ली तुम्ही बोलायच्या थांबता. पूर्वी थांबत नव्हता."

"मग सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. दुसरी खूण ठेवूया म्हणून."

बाईंना त्यावर राग यायला हवा होता. आला नाही.

"दोन वर्षांत मी किती ठोकळे कापले असतील?"

"चौकोनी, एका खुणेचे? एकोणीस." तिने ते मोजून ठेवलं होतं.

एकोणीस. शाई फक्त एकात होती. बाकीच्या अठरांत काय उलटं पडलंय ते सांगायला कुणीच नव्हतं. नकाशेवाल्याचं एक मिनिट एवढ्या एका कापापुरतं होतं.

तीन वाजता मॅडमच्या खोलीत चौघं होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम, चाचणीचे डॉक्टर, नकाशेवाला आणि दाराजवळच्या खुर्चीत पातळबाई. बाईंनी आधी झिरझिरीत कागद टेबलावर ठेवला, टिंब दाखवलं, उलटा केला, फिरवला. मग शाईचं सांगितलं, दहा कापांचं सांगितलं आणि एकोणीस ठोकळ्यांचं सांगितलं. आवाज चढू दिला नाही, लपवलंही काही नाही.

मॅडमनी तो कागद उचलून स्वतः एकदा उलटा करून पाहिला, परत एकदा पाहिला आणि चटका बसल्यासारखा खाली ठेवला.

"परवा आलेल्या कच्च्या यादीवरून ज्यांचं थांबणार होतं त्या एकतीस जणांना काल फोन गेलेत," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "थांबणार म्हणून सांगितलंय. तुम्ही म्हणता ती बाई, तिला मीच फोन केला. दंडावर फुलपाखरू आहे तिच्या. रडली वगैरे नाही. म्हणाली, म्हणजे माझ्या आत कुणी शिरलंच नाही तर."

बाईंनी मान खाली घातली. इतके दिवस शाईवाली म्हणजे काळ्या कणांची चिमूट होती. आता तिला दंड आला, त्यावर फुलपाखरू आलं, फोन धरलेला हात आला.

"शिरलंय," त्या म्हणाल्या. "भरपूर शिरलंय. पडद्यावर दिसतंय."

"मला दिसून भागणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पत्ते उलटे करून तुम्ही यादी दिलीत तरी मी आता कशावर विश्वास ठेवू? नवा काप हवा. नीट पडलेला, आणि नीट पडलाय याचा पुरावा असलेला. तोवर उद्याचं सगळं थांबवतो. आजच फोन करतो सगळ्यांना."

"ठोकळ्यात किती शिल्लक आहे?" मॅडमनी विचारलं.

"चार काप निघतील," बाई म्हणाल्या. "फार तर पाच. तुकडे तळाला आलेत."

"म्हणजे चुकायला जागाच नाही." मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या आणि परत आल्या. त्या हादरल्या होत्या, पण त्यांचं डोकं पुढच्या कामाकडे वळलं होतं. "बाई, हे तुमच्याशिवाय होणार नाही. एवढ्या तळाला आलेला ठोकळा दुसऱ्या कुणाच्या हाताखाली भुगा होईल. दुसरीला शेजारी उभी करा. ती बाजू बघेल, तुम्ही काप घ्या. हात तुमचा, डोळे तिचे. डोळ्यांचं पुढे निवांत बघू."

बघू. तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कसा लागतो ते बाईंना पहिल्यांदाच कळलं. युक्ती वाईट नव्हती. हात त्यांचाच राहिला असता. उद्याही, परवाही. कॉरिडॉरमध्ये कुणीतरी पुन्हा म्हणालं असतं, बाई आहेत ना.

त्यांनी पर्समधून ब्लेडच्या कपाटाची किल्ली काढली. तिला अडकवलेल्या लाल दोऱ्याचा रंग त्यांना हल्ली तपकिरी दिसायचा. किल्ली त्यांनी टेबलावर त्या कागदाशेजारी ठेवली.

"काप दुसरी घेईल," त्या म्हणाल्या. "सात वर्षं झाली तिला, भुगा होणार नाही. उद्या सकाळी दहाला मी डोळ्यांच्या दवाखान्यात आहे, दुपारी फोन केला तेव्हा लेकीने तारीख घेतलीय. आणि ते कसंही होवो, मॅडम, मी आता ब्लेडला हात लावणार नाही. आजपासून."